डोळ्यांपुढचा पडदा

गेल्या शनिवारी लिहायचं राहून गेलं, कारण गावाला गेलो होतो. आणि तिथून आल्यावर डोक्यात जे घोळतंय ते बाहेर पडल्याशिवाय दुसरं काही लिहिता येईना. त्यामुळे आज जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

शाळेत असताना केबलवर 'टर्मिनेटर' पाहिला होता. पिक्चर १९८४ चा, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. त्यात यंत्रमानवाच्या डोळ्यांतून दिसणारं ते लाल जग, कडेने सरकणारी अक्षरं, माणसाभोवती पडणारी चौकट... बास! मोठेपणी असलंच काहीतरी बनवायचं हे तेव्हाच ठरलं. (इंजिनीअरिंगला गेलेल्या निम्म्या पोरांची कारणं ह्याहून बरी नसतात.)

आणि गंमत म्हणजे जवळपास तसंच झालं. गेली दीड वर्षं मी स्मार्ट चष्म्याच्या एका प्रोजेक्टवर आहे. मोठ्या गोदामात कामगाराने हा चष्मा घालायचा. कुठल्या रॅकमधून कुठला खोका काढायचा ते त्याच्या डोळ्यांपुढे दिसणार, बारकोड जुळला की हिरवी टिकमार्क येणार. ती टिकमार्क मी बनवली आहे. छान फुलत येते, दीड सेकंद थांबते आणि विरून जाते. एसी कॉन्फरन्स रूममधल्या डेमोला तिच्यासाठी टाळ्या पडल्या होत्या.

त्या टिकमार्कविषयी शेवटी परत लिहीन. आधी सैनिकांविषयी, कारण ह्या सगळ्याचा थोरला भाऊ तिकडे आहे.

पायदळाच्या जवानाच्या डोळ्यांपुढे स्क्रीन लावायचा हा खटाटोप अमेरिकेत १९९० च्या दशकापासून चालू आहे. त्यांच्या प्रकल्पाचं नाव होतं 'लँड वॉरियर'. कल्पना ऐकायला झकास. हेल्मेटला एका डोळ्यापुढे छोटा डिस्प्ले, पाठीवर संगणक, रेडिओ, जीपीएस आणि रायफलवर कॅमेरा. म्हणजे रायफल भिंतीच्या कोपऱ्यातून नुसती बाहेर काढायची आणि डोकं आत ठेवून पलीकडचं बघायचं. प्रत्येक जवानाला नकाशावर आपले साथीदार दिसणार. कागदावर सगळं चोख.

प्रत्यक्षात वजन भरलं सात किलोच्या आसपास. आता तुम्ही म्हणाल, सात किलो म्हणजे काय, पोराचं दप्तर असतं तेवढं. पण ते बुलेटप्रूफ जॅकेट, गोळ्या, पाणी, हेल्मेट ह्या सगळ्याच्या *वर* सात किलो! पंधराएक वर्षं आणि सुमारे ५० कोटी डॉलर घालवून २००७ च्या सुरुवातीला लष्कराने प्रकल्पावर फुली मारली. आणि गंमत बघा, त्याच वर्षी तो पहिल्यांदा खऱ्या लढाईत, इराकमध्ये गेला. एका पायदळ बटालियनला तो आधीच दिलेला होता, ती घेऊन गेली.

तिथे त्या जवानांनी जे केलं ते प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. त्यांनी त्यातलं एकेक काढून टाकायला सुरुवात केली. रायफलवरचा कॅमेरा नको, काढा. प्रत्येकाला संच नको, फक्त टीम लीडर आणि त्याच्या वरच्यांना द्या. असं करत करत शेवटी जे उरलं ते त्यांना खरंच आवडलं, म्हणजे आपली माणसं कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा, आणि त्यावर एकाने खूण टाकली की बाकीच्यांना दिसणं. बास, एवढंच.

पुढचा अवतार 'नेट वॉरियर'. (हा 'नेट' इंटरनेटमधला नव्हे. दुसऱ्या महायुद्धात मेडल ऑफ ऑनर मिळवलेल्या रॉबर्ट नेट ह्यांचं नाव त्याला दिलंय. मीही आधी फसलो होतो.) सुरुवातीला त्यातही डोळ्यापुढचा डिस्प्ले होता. मग २०११ च्या सुमारास कुणाला तरी सुचलं की अरे, बाजारात स्मार्टफोन आलेत की! आणि तो सगळा डोलारा जाऊन आला एक अँड्रॉइड फोन, रेडिओला वायरने जोडलेला, छातीवर बांधलेला. खाली उघडणाऱ्या झाकणात बसवायचा. बघायचं असेल तेव्हा झाकण पाडायचं, मान खाली करायची, बघायचं, परत लावायचं.

थोडक्यात काय, तर डोळ्यापासून निघालेला स्क्रीन वीसेक वर्षांनी छातीवर येऊन थांबला.

पण इंजिनीअर लोक असे ऐकतात होय? २०१८ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टला सुमारे ४८ कोटी डॉलरचं काम मिळालं. होलोलेन्सवर आधारित सैनिकी गॉगल, नाव 'आयव्हास'. ह्यावेळी एका डोळ्यापुढे नाही, दोन्ही डोळ्यांपुढे, पारदर्शक काचेवर, समोरच्या जगावरच नकाशे आणि खुणा काढलेल्या. म्हणजे अगदी माझा टर्मिनेटर. मार्च २०२१ मध्ये मोठा करार जाहीर झाला. दहा वर्षांत २,१८८ कोटी डॉलरपर्यंत आणि १ लाख २० हजारांपर्यंत हेडसेट. आकडा वाचून आमच्या ऑफिसात लंच टेबलवर शांतता पसरली होती असं सीनियर लोक सांगतात.

आणि मग २०२२ ची चाचणी आली. जवानांचं डोकं दुखलं, डोळे ताणले, मळमळलं. ज्यांना त्रास झाला त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त जणांना तो तीन तासांच्या आतच झाला. शिवाय अंधारात त्या काचेचा उजेड लांबून दिसायचा. त्याच वर्षी पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांनी इशारा दिला की वापरणाऱ्यांना हे पटतंय का ते नीट न मोजता पुढे गेलात तर सगळे पैसे पाण्यात जाऊ शकतात. अमेरिकी संसदेने पुढच्या वर्षीची ४० कोटी डॉलरची खरेदी रोखली आणि सुधारित नमुन्यासाठी ४ कोटी दिले. नवा नमुना आला, ह्यात डिस्प्ले बिजागरीवर वर उचलता येतो. मूळ होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयव्हासची सूत्रं अँडुरिल नावाच्या कंपनीकडे गेली. म्हणजे गोष्ट अजून संपलेली नाही.

आता हे सगळं *का* फसतं ह्याचं थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

समजा समोर ३०० मीटरवर एक घर आहे आणि चष्मा त्यावर लाल खूण काढतोय, 'हे ते घर'. चष्म्याला ती खूण बरोबर काढायला तुमचं डोकं नेमकं कुठल्या दिशेला आहे ते कळायला हवं. ते तो होकायंत्र आणि जायरो ह्यांच्यावरून काढतो. त्यात चूक झाली फक्त एक अंशाची. ३०० मीटरवर एक अंश म्हणजे सव्वापाच मीटर. झालं, खूण शेजारच्या खिडकीवर. आणि मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी गेटजवळ कसं भरकटतं ते तुम्ही पाहिलं असेल. इथे तर गड्याच्या हातातच लोखंड आहे.

आता डोकं हलवा. माणूस दचकून मान वळवतो तेव्हा सेकंदाला शंभर अंश सहज होतात. चित्र काढायला चष्म्याने ५० मिलिसेकंद घेतले, तर तेवढ्यात मान पाच अंश पुढे गेलेली असते. ३०० मीटरवर पाच अंश म्हणजे २६ मीटर. खूण घरावरून निघून रस्त्याच्या पलीकडे! गोदामात खोका दोन मीटरवर असतो, त्यामुळे माझी चूक कुणाला दिसत नाही. युद्धात ती चूक म्हणजे चुकीचं दार.

तिसरी भानगड उजेडाची. पारदर्शक काचेवर तुम्ही उजेड *मिळवू* शकता, *वजा* करू शकत नाही. काळा रंग काढताच येत नाही. भर दुपारच्या उन्हात समोरचं रान इतकं लखलखीत असतं की तुमची अक्षरं त्यात विरून जातात. मग स्क्रीन वाढवा. वाढवला की बॅटरी संपते. आणि तोच स्क्रीन रात्री कमी करायला विसरलात, तर तुमचा चेहराच कंदील.

मग लढाऊ विमानांच्या पायलटना हे कसं जमतं? एफ-३५ च्या हेल्मेटमध्ये असंच सगळं दिसतं की. दिसतं, पण तो पायलट खुर्चीला बांधलेला असतो. वीज विमान पुरवतं, संगणक विमान वाहतं, आपण कुठे आणि कुठल्या दिशेला आहोत हे विमानाला पक्कं माहीत असतं. आणि आकाशात झुडपं नसतात. पायदळातला जवान चिखलात सरपटतो, घामाघूम होतो, कुंपणावरून उडी मारतो आणि सगळी वीज स्वतःच्या पाठीवर वाहतो. अफगाणिस्तानात तीन दिवसांच्या गस्तीला निघालेला अमेरिकन जवान सात-आठ किलो नुसत्या बॅटऱ्याच घेऊन जायचा.

आपल्याकडेही २००० च्या दशकात 'एफ-इन्सास' नावाने हीच स्वप्नं पाहिली गेली. २०१५ च्या सुमारास लष्कराने ती एकसंध कल्पना सोडून शस्त्रं-साहित्य एका बाजूला आणि संगणकी नकाशे-संपर्क दुसऱ्या बाजूला अशी फोड केली. ऑगस्ट २०२२ मध्ये एफ-इन्सास ह्याच नावाने संरक्षणमंत्र्यांनी जो संच लष्कराला दिला त्यात एके-२०३ रायफल, साइट, हेल्मेट, जॅकेट अशा रोकड्या गोष्टी पुढे होत्या. मला वाटतं हे शहाणपणाचं झालं.

असो. आता गाव.

माझा थोरला चुलतभाऊ पायदळात हवालदार आहे. सातारा जिल्ह्यात आमच्याकडे घराआड एक फौजी, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. दादा गेल्या आठवड्यात सुट्टीवर आला होता. मी ऑफिसातून चाचणीचा एक हेडसेट रीतसर परवानगी घेऊन बरोबर नेला होता. खरं सांगायचं तर मला शायनिंग मारायची होती. लहानपणी दादा गणवेशात यायचा तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती. आता म्हटलं आपणही दाखवू.

दुपारी दोनला, शेताच्या बांधावर त्याच्या डोक्यावर हेडसेट चढवला.

"काय दिसतंय दादा?"

"ज्वारी."

"आणि?"

"आन् काय? ज्वारीच हाय. तुझं काय ते कुठं हाय?"

भर उन्हात माझ्या मेन्यूचा पत्ताच नव्हता. हाताने सावली धरली तेव्हा कुठे त्याला पुसट चौकोन दिसले. मग तो थोडा चालला. बांधावरनं उतरला, पाटात पाय टाकला, अडखळला. दादाला चालताना अडखळलेला मी जन्मात पाहिला नव्हता. काही न बोलता त्याने दोन्ही हातांनी हेडसेट काढला, कपाळ पुसलं आणि विचारलं, "बॅटरी किती?"

"अडीच तास."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. नुसता "हं" म्हणाला.

रात्री जेवणं झाल्यावर त्याने आपणहून परत मागितला. लाइट गेलेली होती. तो घालून गोठ्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि काकू ओसरीतून ओरडली, "आरं ते बघ, त्याचं डोळं काजव्यागत चमकाय लागल्यात!" आम्ही सगळे खूप हसलो. काजव्यागत, खरंच. निळसर-हिरवे दोन ठिपके, शंभरेक पावलांवरून स्वच्छ दिसत होते. मी दीड वर्षं हे यंत्र वापरतोय, पण कायम आतून बघितलेलं. बाहेरून अंधारात कधी बघितलंच नव्हतं. आयव्हासच्या चाचणीतली ती तक्रार मी वाचली होती, माना डोलावल्या होत्या. कळली मात्र काकूमुळे.

दादा परत आला, ओसरीच्या कडेला बसला. आता नीट बोलत होता.

"हे बघ, डोळं आन् कान ह्येवढंच आमचं भांडवल. रातच्याला पान हाललं तर ते दिसाय पायजे. तुझं हे दिसतं चांगलं, पण त्याच्याकडं बघताना मी पानाकडं बघत न्हाई."

"मग काहीच नको का तुला?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझी पोरं कुठं हायत एवढं कळलं तर लई झालं. अंधारात सगळ्यात भ्या त्येचंच असतं. आपल्याच पोरावर... " आणि वाक्य तिथेच सोडलं. "ते पण सारखं नगं. दगडाआड बसलो, दम खाल्ला, बघितलं, मिटवलं. घड्याळ बघतो तसं."

मी त्याला लँड वॉरियरचं काहीही सांगितलं नव्हतं. इराकमध्ये त्या बटालियनने सगळं काढत काढत जे शिल्लक ठेवलं, नेमकं तेच हा माणूस गोठ्यापुढे बसून पाच मिनिटांत सांगून गेला. रात्रीच्या दुर्बिणीचं विचारलं, तर त्याचे डोळे लकाकले. ती पायजेच म्हणाला, कारण ती *जास्त दाखवते*. माझ्यासारखी मध्ये उभी राहत नाही. अमेरिकन लष्करातही हाच अनुभव आहे. २०१९ पासून दिलेले दोन डोळ्यांचे नवे नाइट व्हिजन गॉगल, ज्यात उष्णतेचं चित्रही मिसळलेलं असतं, ते जवानांना मनापासून आवडले. काही दाखवायचंच असेल, तर त्याच चित्रात थोडंसं दाखवतात.

म्हणजे फरक तंत्रज्ञान भारी की हलकं असा नाहीच. माणसाला आधीच जे करायचंय (अंधारात बघायचंय, आपली माणसं ओळखायची आहेत) ते सोपं करणारी वस्तू टिकते. लक्ष *मागणारी* वस्तू गळ्यात लटकते. वजन, बॅटरी, उजेड हे पाच-दहा वर्षांत सुधारेलही. नव्या कंपन्या त्यात उतरल्या आहेत आणि त्या मूर्ख नाहीत. पण लक्ष वाढवून मिळत नाही. ते माणशी एकच.

आता ती टिकमार्क.

चाकणकडच्या एका गोदामात आमची चाचणी चालू होती. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीत एक मुलगा, बावीस-तेवीसचा असेल, रॅकपुढे बारकोड स्कॅन करून दोन पावलं मागे आला. मागून फोर्कलिफ्ट रिव्हर्स येत होती. तिचा भोंगा वाजत होता, सगळ्यांना ऐकू येत होता. त्याला नाही आला, कारण तो हिरवी टिकमार्क विरायची वाट बघत होता. दीड सेकंद. शेजारच्या बाईंनी त्याच्या शर्टाला धरून ओढलं म्हणून नुसतं कोपराला खरचटण्यावर निभावलं.

मी तिथेच, दहा पावलांवर, लॅपटॉप घेऊन उभा होतो.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिला गेला. त्यात एक ओळ होती, 'वापरकर्त्यांना अधिक प्रशिक्षणाची गरज.' ती मी लिहिली नाही, पण वाचली आणि खाली सही केली. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाचं 'सुरक्षा प्रशिक्षण' दिलं, आणि त्याने सॉरी म्हटलं. त्याने, *मला*! ह्याला चार महिने झाले आणि मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

दादाने पाटात अडखळून हेडसेट काढला ना, तेव्हा मला तो मुलगा दिसला. दादाला प्रशिक्षण कमी पडलं असं म्हणायची माझी हिंमत आहे का? अठरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला?

सोमवारी ऑफिसला गेल्यावर पहिलं काम केलं ते टिकमार्क काढून टाकायचं. आता बारकोड जुळला की एक बारीक टिक असा आवाज येतो आणि कामगाराचा पाय हलला की डिस्प्ले आपोआप बंद होतो. थांबला की परत येतो. घड्याळ बघतो तसं. मग मॅनेजरना मेल लिहिली की त्या रिपोर्टमधली ओळ चुकीची आहे, चूक माझ्या डिझाइनची होती आणि तशी दुरुस्ती करावी. उत्तर आलं, "लेट्स डिस्कस." ते डिस्कशन येत्या मंगळवारी आहे. ग्राहकाला पाठवलेला रिपोर्ट मागे घेणं म्हणजे काय, हे मला माहीत नाही असं नाही. बघू.

दादा काल परत ड्यूटीवर गेला. स्टेशनवरून फोन केला होता. म्हणाला, "तुझं ते काजव्याचं यंत्र नीट झालं की परत आण. पर दुपारचं आण."

आणीन. पण आधी त्या मुलाला जाऊन भेटायचंय. टिकमार्क का गेली ते त्याला माझ्या तोंडून कळायला हवं.